बेगडेवाडीकडं तोंड

एकाच वेळी एकोणीस माणसांवर तीन-तीन तास ओरडायचं आणि त्यातल्या एकालाही दुखवायचं नाही, हे जमणारे गृहस्थ साऱ्या मावळात एकच आहेत आणि माझ्या नशिबानं ते माझे साडू आहेत. बायको निदान बघून केलेली असते. साडू मात्र सासरेबुवांनी आपल्याला न विचारता परस्पर ठरवलेला असतो. आमच्या सासऱ्यांनी थोरल्या मुलीसाठी परंदवडीचं स्थळ पाहिलं तेव्हा मुलगा निर्व्यसनी आहे, आंबीजवळच्या कारखान्यात मेंटेनन्सला कायम आहे, घरची भातखाचरं आहेत, एवढी चौकशी केली होती. हा मुलगा पुढं दर रविवारी दुपारी दोन ते पाच शिंगांचं शिरस्त्राण घालून राक्षस मारत बसेल, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कोण? तेव्हा ते मुलालाही ठाऊक नव्हतं. पुढं त्यांच्या मुलीच्या अभ्यासासाठी म्हणून घरात कॉम्प्युटर आला. मुलगी अभ्यास करून नगरला शिकायला गेली आणि कॉम्प्युटर बापाकडं राहिला.

आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. अंगकाठी अशी, की मोटरसायकल उभी असली तर ती भाऊंच्या आधारानं उभी आहे की भाऊ तिच्या, हे लांबून कळू नये. पण गेममध्ये शिरले की ते साडेसात फुटांचे होतात, हातात दाराएवढी ढाल येते आणि नाव होतं हरण्या. हरण्या हा त्यांच्या वडिलांचा बैल. 'नाव टाका' असं पडद्यावर आलं तेव्हा त्यांना जगातलं दुसरं दणकट काही आठवलंच नाही. त्यामुळे कोचीपासून इंदूरपर्यंतची माणसं गेली सात-आठ वर्षं आमच्या साडूंना एका बैलाच्या नावानं हाक मारतात, आणि भाऊ प्रत्येक वेळी अभिमानानं "बोला" म्हणतात.

ज्यांना या प्रकाराची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही नव्हती. याला रेड म्हणतात. वीस ठिकाणची वीस माणसं आपापल्या घरी बसून, कानाला हेडफोन लावून, एकाच राक्षसाशी लढतात. दोघं ढाल घेऊन त्याच्या तोंडाशी उभे राहतात, चार-पाच जण जखमा बऱ्या करतात, उरलेले त्याला बडवतात. वीसजण भरल्याशिवाय दार उघडत नाही, आणि एकानं चूक केली की सगळे मरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कोणत्या टोळीनं कुठला राक्षस आधी मारला याची जगजाहीर यादी लागते, आणि त्या यादीवरून माणसं एकमेकांशी बोलणं सोडतात. मी शाळेत भूगोल शिकवतो, पण तोही मला इतका नीट समजावता येत नाही. मला हे समजलं ते भाऊंमुळे. एका दिवाळीत सासऱ्यांनी त्यांना सरळच विचारलं, "जावईबापू, तुमी त्या डब्यात करता तरी काय?" भाऊंनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मामा, इर्जिक करतो."

सासरे एकदम खूश झाले. लावणीच्या दिवसांत एकाच्या खाचरात सगळी आळी उतरते, मजुरी कुणी मागत नाही, उद्या दुसऱ्याच्या खाचरात हाच ताफा जातो, ती इर्जिक. "एकट्याच्यानं व्हत न्हाई ते धाजणांनी मिळून उरकायचं, येवडंच हाय त्यात," भाऊ म्हणाले. सासरे म्हणाले, "मंग जेवाय कोन घालतं?" इर्जिक बोलावणाऱ्यानं आलेल्याला पोटभर जेवू घालायचं, हा त्यातला मुख्य नियम. भाऊंनी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. ते पाहून मला मनातून गुदगुल्या झाल्या. पण त्या वर्षी भात झोडून झालं तेव्हा भाऊंनी सगळ्यांचे पत्ते मागवून घेतले आणि दोन-दोन किलो इंद्रायणी तांदळाच्या एकोणीस पुड्या कुरियरनं एकोणीस गावांना पाठवल्या. तेव्हापासून दरवर्षी जातात. पुडीवर पत्त्याच्या वर त्या माणसाचं काम लिहिलेलं असतं. कुणाच्या पुडीवर 'ढाल', कुणाच्या 'मलमपट्टी', कुणाच्या नुसतंच 'बडवणे'. तळेगावच्या कुरियरवाल्याची बरेच दिवस अशी समजूत होती की भाऊंचं गुप्तपणे काहीतरी चालू आहे.

या एकोणीस जणांना भाऊंनी एकदाही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण त्यांना मराठी मात्र शिकवली. मुद्दाम नव्हे. घाई झाली की भाऊंच्या तोंडून हिंदी पळून जाते आणि परंदवडी बाहेर येते. "हितं या! हितं! मागं सरा, आग आली! कुटं चाललाव रं?" आग अंगावर येत असताना मराठी शिकण्याचा वेग फार असतो. इंदूरचा एक कपड्याचा दुकानदार आहे, दुसरी ढाल त्याची. तो आता दुकानातल्या गिऱ्हाइकालाही "मागं सरा" म्हणतो असं त्यानंच सांगितलं. जखमा बऱ्या करणाऱ्यांत मुख्य आहेत कोचीच्या एक डॉक्टरीणबाई. त्या खऱ्याही डॉक्टर आहेत, पण दातांच्या. भाऊ राक्षसाला भीत नाहीत आणि दातांच्या डॉक्टरला भितात. एकदा त्यांची दाढ इतकी ठणकली की ओरडता येईना, तेव्हा या बाईंनी रेड थांबवली, भाऊंना कॅमेऱ्यापुढे आ करायला लावला, अक्कांना, म्हणजे माझ्या मेहुणीला, टॉर्च धरायला लावली आणि कोचीत बसून परंदवडीची दाढ तपासली. अठरा माणसं शांतपणे थांबली होती. "हरण्याचेट्टा, काढावी लागेल," असं त्या हिंदीत म्हणाल्या, चेट्टा म्हणजे त्यांच्याकडं दादा, आणि भाऊंनी घाबरून कॉम्प्युटरच बंद केला.

सगळे मेले की भाऊ एक वाक्य ठरलेलं बोलतात. कुणाची चूक झाली हे विचारत नाहीत. हेडफोन सारखा करतात आणि म्हणतात, "जेवून घ्या." दुपारचे साडेतीन वाजलेले असोत, नाहीतर कुणी नुकतंच ताटावरून उठलेलं असो, भाऊंचं आपलं "जेवून घ्या, मंग बगू." चहा-पाण्याला दहा मिनिटं सुट्टी, एवढाच त्याचा अर्थ, पण ते सगळ्यांच्या तोंडी बसलंय. कोचीच्या बाईंना जी मोजून चार मराठी वाक्यं येतात त्यात हे एक आहे.

राक्षसांची नावंही भाऊंचीच. मूळ नावं इंग्रजीत असतात आणि उच्चारताना जिभेला पेटके येतात. यंदाच्या हंगामातला शेवटचा राक्षस पाच शेपट्यांचा आणि एका भल्यामोठ्या जबड्याचा होता. भाऊंनी त्याचं नाव 'जावई' ठेवलं. "कितीबी सरबराई करा, फुगूनच बसतंय," हे कारण. हे नाव ठेवणारे स्वतः आमच्या सासऱ्यांचे थोरले जावई आहेत, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली दिसली नाही. मी आणि सासऱ्यांनी एकमेकांकडे पाहून विषय बदलला.

आणि दिशा! उत्तर-दक्षिण भाऊंच्या हिशेबात नाहीतच. त्यांची कॉम्प्युटरची खोली म्हणजे माजघराच्या बाजूची, उत्तरेच्या भिंतीकडे तोंड करून ते बसतात. मग समोर कारखाना, म्हणजे आंबी. उजव्या हाताला रेल्वेचं स्टेशन, म्हणजे बेगडेवाडी. डावीकडं उर्से. पाठीमागं पवना. राक्षसाच्या गुहेतल्या चारी बाजूंना त्यांनी हीच नावं देऊन टाकली. ज्या लोकांनी पुणे जिल्हा नकाशावरही पाहिलेला नाही ते "बेगडेवाडी साइड क्लिअर" असं ओरडताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. ज्या स्टेशनावर साध्या लोकलशिवाय काही थांबत नाही, त्याची कीर्ती कोचीपर्यंत गेली ती आमच्या साडूंमुळे.

या सगळ्यात अक्कांचं काय होतं असं कुणी विचारेल. अक्कांनी पहिली दोन वर्षं आदळआपट केली. मग त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. हेडफोन कानाला असला की भाऊ कुठल्याही प्रश्नाला "व्हय" म्हणतात. स्वयंपाकघराचा नवा ओटा असाच झाला. भावाच्या साखरपुड्याला चार दिवस आधी जाणं असंच ठरलं. एका रविवारी साडेचार वाजता अक्कांनी "म्हैस घेऊ का?" असं विचारलं, भाऊ "व्हय, व्हय" म्हणाले, आणि मंगळवारी गोठ्यात म्हैस उभी. भाऊ तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले. म्हैसही त्यांच्याकडं बघत राहिली. "ही कुणाची?" त्यांनी विचारलं. "तुमचीच की," अक्का म्हणाल्या, "इचारून घेतलीय." माझी बायको हे ऐकून इतकी प्रभावित झाली की तिनं मलाही कुठलातरी गेम आणून द्यायचं ठरवलं होतं.

याच "व्हय"नं यंदा घात केला.

चार महिने जावई मरत नव्हता. गेमचा हंगाम सोमवारी सकाळी संपणार होता. त्यानंतर राक्षस सोपा करून टाकतात आणि मग मारला तरी त्याला कुणी विचारत नाही. आपल्याकडच्या टोळ्यांत दोघांनाच तो जवळपास जमत आला होता, भाऊंची आणि हैदराबादची. त्यात कोचीच्या डॉक्टरीणबाई रविवारी संध्याकाळच्या विमानानं नवऱ्याकडे कायमच्या परदेशी निघालेल्या. तिथली वेळ वेगळी, नोकरी वेगळी, त्या परत या टोळीत येणार नव्हत्या. आणखी दोघांची लग्नं ठरली होती. म्हणजे ही वीस माणसं एकत्र लढणार ती शेवटच्या रविवारी, दोन ते पाच. भाऊंनी त्यासाठी सुट्ट्या राखल्या होत्या, इन्व्हर्टरला नवी बॅटरी घातली होती आणि, अक्का सांगतात, देवाला नारळ बोलले होते. नवस कशासाठी ते देवालाही नीट सांगता आलं नसणार.

आणि आदल्या बुधवारी भाऊ सरावाला बसलेले असताना त्यांचे चुलते, आबा, दाराशी येऊन म्हणाले, "आरं, पानी चांगलं साचलंय, रोप वर याय लागलंय. तुजी इर्जिक रविवारी घालू का?" हेडफोनमधल्या माणसानं "व्हय" म्हटलं. आबांनी आळीभर सांगितलं. सोमवारपासून रोज एकेकाचं खाचर ठरून गेलं. शुक्रवारी भाऊंना कळलं तेव्हा ते ओट्यावर, त्याच त्या नव्या ओट्यावर, हात टेकून उभे राहिले.

मी म्हटलं, "भाऊ, त्यात काय, लोक लावतील की. तुम्ही आत बसा. खाचर घरामागंच तर आहे." भाऊंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी भूगोलाऐवजी गंमतजंमत शिकवतो की काय असं मला वाटलं. "मास्तर, धनी घरात आन् आळी चिखलात? आसं न्हाई चालत इर्जिकीत. पयली मूठ धन्यानं लावायची आन् शेवटालाबी त्यानंच बाह्यर यायचं. उद्या माज्या खाचरात कोन उतरंल?" "मग गेमवाल्यांना सांगा जमत नाही म्हणून." भाऊंनी ओट्यावरचा तांब्या उचलला आणि पाणी न पिताच परत ठेवला.  दोन्हीकडं शब्द दिलेला होता, आणि दोन्हीकडची माणसं त्यांच्याच एका हाकेवर येणार होती.

मग त्यांनी मला विचारलं. म्हणजे विचारलं असं नाही. "मास्तर, तुमी रविवारी खुर्चीत बसायचं." मी हसलो. ते हसले नाहीत. योजना अशी होती: पहिला अर्धा राक्षस इंदूरकर सांभाळेल, तोवर हरण्यानं बाजूला नुसतं उभं राहायचं. मग ढाल पुढं करून तोंडाशी जायचं, हलायचं नाही. शेवटी जावई मोठा श्वास घेतो. त्या वेळी त्याचं तोंड बेगडेवाडीकडं फिरवायचं, म्हणजे आग रिकाम्या बाजूला जाते आणि उर्सेकडं उभ्या असलेल्या एकोणीस जणांना वाट मिळते. आपण जिकडं फिरू तिकडं तोही वळतो. तीन बटणं, एक वळण. भाऊ चिखलातून फोनवर सांगत राहणार. शनिवारी त्यांच्या खोलीत माझी तालीम झाली. मी अकरा वेळा बेगडेवाडीकडं वळलो आणि अकराही वेळा बरोबर वळलो. भाऊ म्हणाले, "लय भारी, मास्तर." मी म्हटलं, "अहो, मी भूगोलाचा माणूस. माझे डोळे बांधून तळेगावात कुठंही सोडा, बेगडेवाडी कुठल्या बाजूला ते सांगेन." हे वाक्य मी मोठ्या आवाजात आणि दोनदा बोललो. बायको साक्षीला होती.

रविवारी सकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पंचवीस माणसांचा मटणाचा रस्सा आणि भात शिजत होता, भाऊंच्या खोलीत पातेली, परातींच्या चळती आणि आळीतल्या बायकांच्या पिशव्या होत्या. म्हणून अक्कांनी कॉम्प्युटर उचलून मागच्या पडवीत मांडला आणि वायर माजघरातून ओढून आणली. पडवीतून समोरच खाचर दिसत होतं. पडद्याच्या वरच्या कडेवरून भाऊ दिसत होते. गुडघाभर चिखलात, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, गळ्यात पिशवीत घातलेला मोबाइल, कानात वायर, हातात रोपाची मूठ. पाऊस आपला भुरभुरत होता. हेडफोनमधून भाऊंचा आवाज आला, "समदे आलं का?" एकोणीस आवाजांनी "व्हय" म्हटलं. विसावा "व्हय" माझा. तो जरा चिरका निघाला.

लढाई म्हणजे काय ते मला नीट सांगता येणार नाही, कारण बहुतेक वेळ माझे डोळे मिटलेले होते. एवढं आठवतं, की भाऊ "मागं सरा!" ओरडले की पडद्यावरची सगळी माणसं मागं सरत आणि खाचरातली लावणीची रांगही एक पाऊल मागं सरे. लावणी मागं सरकतच करतात. आबा वैतागून म्हणाले, "आरं सरतोय की! किती घाई!" दोनदा सगळे मेले. भाऊंनी चिखलातून "जेवून घ्या" सांगितलं आणि आळीतल्या दोन बायका खरंच हात धुवायला निघाल्या. शेवटचा डाव साडेचारला सुरू झाला. पाचला डॉक्टरीणबाईंची गाडी येणार होती. त्यांच्या माइकमधून कुणीतरी बॅगा ओढत असल्याचा आवाज येत होता.

आणि तो डाव जमला. इंदूरकरानं अर्धा जावई सांभाळला. मी ढाल पुढं केली, तोंडाशी गेलो, हललो नाही. त्याचं आयुष्य दाखवणारी लाल पट्टी कमी होत होत नखाएवढी राहिली.  खाचरातले भाऊही कमरेतून ताठ उभे राहिले होते, रोप हातात तसंच. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की ही थट्टा नाही. घाम माझ्या चष्म्यावर आला होता. जावयानं मोठा श्वास घेतला. भाऊ ओरडले, "मास्तर, बेगडेवाडीकडं!"

मी वळलो. क्षणाचाही विचार न करता, ठामपणे, एखाद्या भूगोलाच्या शिक्षकानं वळावं तसा डावीकडं वळलो. कारण मी पडवीत दक्षिणेकडं तोंड करून बसलो होतो, आणि पडवीत दक्षिणेकडं तोंड करून बसलेल्या माणसाच्या डाव्या हाताला बेगडेवाडी स्टेशन आहे. आजही आहे. जाऊन पाहावं. पण गुहेतली बेगडेवाडी उजवीकडं होती. ती भाऊंच्या खोलीतली बेगडेवाडी होती. ज्या एकोणीस जणांनी बेगडेवाडी जन्मात पाहिली नव्हती त्या सगळ्यांना ती कुठं आहे ते ठाऊक होतं. जो रोज शाळेला जाताना तिच्यावरून जातो तो एकटा चुकला. जावयानं माझ्यामागोमाग तोंड उर्सेकडं केलं आणि चार महिने राखलेली सगळी आग एकोणीस माणसांवर सोडली.

पडद्यावर एकटा हरण्या उभा होता, आणि तोही फार वेळ नाही.

हेडफोनमध्ये फक्त बॅगा ओढल्याचा आवाज येत राहिला. मी खाचराकडं बघायचं धाडस केलं नाही. शाळेत असताना मी शेजारच्याची काच फोडली होती तेव्हा वाटलं होतं तसं मला वाटत होतं, फक्त ही काच एकोणीस घरांची होती. कुणीतरी रागावेल, निदान इंदूरकर तरी काहीतरी बोलेल, याची मी वाट पाहत होतो. माफी मागायला तोंड उघडलं तर हिंदी सुचेना, इंग्रजी सुचेना. "मी... ते बेगडेवाडी..." एवढंच निघालं. मग बॅगांचा आवाज थांबला आणि कोचीच्या बाई, ज्यांना घेऊन जायला खाली गाडी उभी होती, अगदी हळू आवाजात, आपल्या चार वाक्यांतलं एक मला देत म्हणाल्या, "मास्टर-चेट्टा, जेवून घ्या."

त्यांच्या मागून एकेकानं तेच म्हटलं. इंदूर, भोपाळ, गुवाहाटी, सगळ्यांनी. "जेवून घ्या." "जेवून घ्या." मग एकेक नाव पडद्यावरून विझत गेलं.

भाऊ शेवटची मूठ लावूनच बाहेर आले. सगळी आळी पडवीत पंगतीला बसली होती. ते हौदावर पाय धूत होते तिथं मी गेलो. म्हटलं, "भाऊ, माझ्यामुळं गेलं सगळं." ते पायाचा चिखल खरवडत राहिले. डोळे लाल होते. चिखल उडाला होता असं ते म्हणाले. मग खाचराकडं बोट दाखवून म्हणाले, "ती कडंची वळ बगा. आबांनी लावलीय. डोळं गेल्यात त्येंचं, समदी वाकडी आलीय." ओळ खरोखरच वाकडी होती. "उपटून परत लावायची?" मी विचारलं. भाऊ म्हणाले, "इर्जिकीत आल्याल्या मान्साचं रोप उपटत न्हाईत, मास्तर. चला, पत्रावळ मांडलीय."

सोमवारी पहाटे हैदराबादवाल्यांनी जावई मारला. भाऊंनी त्यांना अभिनंदन कळवलं आणि पहिल्या पाळीला गेले, पाळी सुटल्यावर पुढच्या खाचरातल्या इर्जिकीला. भाऊंची टोळी तेव्हापासून पुन्हा भरली नाही. अकरा-बारा जण जमतात, गप्पा मारतात. वीस भरत नाहीत, दार उघडत नाही. रविवारी दुपारी भाऊ हल्ली म्हशीला पाण्यावर नेतात. अक्का सांगत होत्या, आता ते काहीही विचारलं तर नीट ऐकून उत्तर देतात, करमत नाही अगदी. मी हसलो, पण मला त्यात काही हसण्यासारखं वाटलं नाही.

गेल्या महिन्यात भात झोडून झालं. दरवर्षी नातेवाईक म्हणून आम्हाला अर्धं पोतं तांदूळ येतो, तसा यंदाही भाऊ मोटरसायकलवर बांधून घेऊन आले. चहा झाला, माझ्या बायकोनं दाजींना जेवायचा आग्रह केला, ते नको म्हणाले. त्यांना तळेगावच्या कुरियरवाल्याकडं जायचं होतं. पिशवीत पुड्या होत्या. एक जरा वेगळी बांधली होती, परदेशच्या पत्त्याची. "जाईल का हो ही?" मी विचारलं. "इचारतो. न्हाई गेली तर ठिवीन. येत्यालच की कदी तरी." गाडीला किक मारून ते निघाले, थोडं पुढं जाऊन परत आले, पिशवीत हात घालून एक दोन किलोची पुडी काढली आणि माझ्या हातात देऊन गेले.

पुडीवर इतरांच्या पुड्यांवर असतं तसंच, पेननं, ठळक अक्षरात माझं नाव होतं. त्याच्यावर लिहिलं होतं 'ढाल'. ती पुडी आमच्याकडं फडताळात तशीच आहे. बायको दोनदा म्हणाली की तांदळाला पोरकिडे लागतील, फोडू या. मी तिला सांगितलं, वीसजण भरू देत.